‘येणे’ आणि ‘करणे’ : अनाहूत विचारांवरील उपायांचा इतिहास

१

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. परगावी गेलेले माणूस ठरल्या वेळी परतले नाही म्हणजे घरातील वडीलधारी मंडळी ती उच्चारतात. तिचा अर्थ स्पष्ट आहे. आपल्या माणसाविषयी जे अशुभ शत्रूलाही सुचणार नाही, ते आपलेच मन सुचविते. या साध्या म्हणीत मनाच्या व्यापाराविषयीचे एक मार्मिक निरीक्षण आलेले आहे. मनात उद्भवणारा प्रत्येक विचार इच्छेला अनुसरूनच उद्भवतो असे नाही. किंबहुना ज्याची जपणूक अधिक, त्याच्याविषयीच अभद्र कल्पना अधिक येतात. तान्हे मूल मांडीवर घेतलेल्या मातेच्या मनात ‘आपण याला खाली टाकले तर’ असा विचार चमकून जातो. देवापुढे हात जोडलेल्या भाविकाच्या ओठांशी शिवी येते. कुलूप लावून निघालेल्या गृहस्थास ते लागले नसावे अशी शंका येते.

बहुतेकांच्या बाबतीत असे विचार क्षणात विरून जातात. काहींच्या बाबतीत मात्र ते वेढा घालून बसतात. माता मुलाला जवळ घेण्याचे टाळू लागते. भाविक एकच नामजप शंभर वेळा पुन्हा आरंभितो. गृहस्थ रस्त्यातून दहादा मागे फिरतो. छाती धडधडू लागते, श्वास अपुरा पडतो, आणि ‘हृदय बंद पडणार’ किंवा ‘आपल्याला वेड लागणार’ ही दुसरी भीती पहिलीच्या पाठोपाठ येते. विचारातून भीती आणि भीतीतून पुन्हा विचार असे हे चक्र आहे.

अशा विचाराचे काय करावे, हा प्रश्न आधुनिक नव्हे. भिक्षू, धर्मगुरू, वैद्य आणि मानसशास्त्रज्ञ यांनी निरनिराळ्या काळी त्याला उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांचा क्रम पाहणे आणि मराठी भाषेतील एक साधा क्रियाभेद त्यांवर कोणता प्रकाश टाकतो हे दाखविणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

२

प्रथम तो क्रियाभेद पाहू. मराठीत विचार ‘करता’ येतो, त्याचप्रमाणे विचार ‘येतो’. शंका ‘येते’ आणि शंका ‘घेतली’ जाते. काळजी ‘वाटते’ आणि काळजी ‘केली’ जाते. ‘मी विचार करतो’ या वाक्यात ‘मी’ हा कर्ता आहे. ‘माझ्या मनात विचार आला’ या वाक्यात कर्तृपद विचाराकडे असून मन हे केवळ त्याचे स्थान आहे. ‘मला भीती वाटते’ या वाक्यात तर अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत जाऊन बसते, व क्रिया भीतीची होते. ज्याला अनुभव येतो तो त्या अनुभवाचा कर्ता असेलच असे नाही, हा भेद मराठी बोलणारे मूल तीनचार वर्षांचे असतानाच आत्मसात करते.

व्यवहारात मात्र हा भेद विसरला जातो. चिंतेने पोखरलेल्या माणसाला घरची मंडळी सांगतात, ‘जास्त विचार करू नकोस.’ ज्याच्याकडे विचार येत आहेत त्याला ते न करण्याचा हा उपदेश आहे. तो पाळता येत नाही म्हणून तो माणूस स्वतःला दुबळा समजतो. आणि आलेला विचार आपणच केला असे मानून स्वतःला पापीही समजतो.

या व्याधीसाठी मराठीत रूढ असलेला ‘मंत्रचळ’ हा शब्दही लक्षणीय आहे. मंत्राच्या अनुष्ठानात चूक झाल्यामुळे बुद्धीला येणारे चळ, असा त्याचा परंपरागत अर्थ. आज तो पुनःपुन्हा हात धुणे, कुलूप तपासणे, सोवळ्याओवळ्याचा अतिरेक करणे अशा वर्तनास लावला जातो. चुकीची धास्ती आणि त्या धास्तीपोटी होणारी पुनरावृत्ती या दोन्ही गोष्टी या एका शब्दात नेमक्या सामावल्या आहेत. तथापि व्याधीचे कारण माणसाच्या हातून घडलेल्या चुकीत आहे असेही हा शब्द सुचवितो, आणि रुग्णाची स्वतःविषयीची समजूतही नेमकी तशीच असते.

३

अनाहूत विचारांवरील उपायांची अतिशय पद्धतशीर अशी एक प्राचीन मांडणी पाली वाङ्मयात आढळते. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) यांच्या लेखनामुळे हे वाङ्मय मराठी वाचकांच्या परिचयाचे झाले. मज्झिमनिकायातील विसाव्या, ‘वितक्कसण्ठान’ या सुत्तात भिक्षूसाठी पाच उपाय क्रमाने सांगितले आहेत. पहिला उपाय असा की, सुतार ज्याप्रमाणे बारीक खुंटीने जाड खुंटी ठोकून बाहेर काढतो, त्याप्रमाणे चांगल्या विचाराने वाईट विचार घालवावा. दुसरा उपाय त्या विचाराचे दोष पाहण्याचा. तिसरा, डोळे मिटून घ्यावेत त्याप्रमाणे त्याच्याकडे लक्ष न देण्याचा. चौथा उपाय विचाराचा वेग हळूहळू शमविण्याचा आहे. भरभर चालणारा मनुष्य सावकाश चालू लागतो, मग उभा राहतो, मग बसतो, मग आडवा होतो, असा त्याचा दृष्टांत आहे. हे चारही निष्फळ ठरल्यास दात आवळून, बलवान पुरुष दुर्बलाला दाबून धरतो त्याप्रमाणे, मनाने मनाला दाबावे, असा पाचवा उपाय येतो.

हा पाचवा उपाय सर्वांत शेवटी ठेवलेला आहे ही गोष्ट महत्त्वाची होय. त्याच निकायातील छत्तिसाव्या सुत्तात गौतमाने संबोधिपूर्व काळात हाच प्रयोग केल्याचे वर्णन आहे. त्या प्रयत्नात त्याच्या काखांतून घाम वाहू लागला आणि देह अस्वस्थ झाला. इष्ट फळ मात्र मिळाले नाही. दमनाच्या मर्यादेची नोंद परंपरेने स्वतःच करून ठेवली आहे असे म्हणावयास हरकत नाही.

पतंजलीच्या योगसूत्रांतील ‘प्रतिपक्षभावन’ ही कल्पना पाली सुत्तातील पहिल्या दोन उपायांशी जुळणारी आहे. विरोधी विचार उभा करून बाधक विचारास आवरावे, असा तिचा आशय आहे. याच कल्पनेचे रूप इसवी सनाच्या चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटातील ख्रिस्ती तपस्व्यांत दिसून येते. पाँटसचा इव्हॅग्रियस (मृत्यू ३९९) याने तपस्व्यास पीडणाऱ्या विचारांचे आठ वर्ग पाडले, आणि ‘अँटिऱ्हेटिकॉस’ या ग्रंथात सुमारे पाचशे विचारांची यादी देऊन प्रत्येकाला उत्तरादाखल धर्मग्रंथातील एकेक वचन नेमून दिले. विचार म्हणजे शत्रू, आणि वचन म्हणजे शस्त्र. परंतु याच इव्हॅग्रियसने आणखी एक भेद नोंदविला आहे. असे विचार आपणास त्रास देतील की नाही हे आपल्या अधीन नाही. ते आपल्यापाशी रेंगाळतील की नाही एवढे आपल्या अधीन आहे, असे तो सांगतो. ‘येणे’ आणि ‘करणे’ यांतील सीमारेषा येथे प्रथमच इतक्या स्वच्छपणे आखलेली दिसते.

४

युद्धाच्या रूपकाचे दुष्परिणाम पुढील काळात प्रकट झाले. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मसभेने प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती व्यक्तीस वर्षातून किमान एकदा पापनिवेदन करणे आवश्यक ठरविले. अंतःकरणाची अशी झडती नियमाने घेतली जाऊ लागल्यावर, निवेदन पुरेसे झाले नसावे या शंकेने ग्रासलेल्यांचा प्रश्न धर्मगुरूंपुढे वारंवार येऊ लागला. या शंकेला लॅटिनमध्ये ‘स्क्रुप्युलस’ हा शब्द रूढ होता. त्याचा मूळ अर्थ बारीक अणकुचीदार खडा. वहाणेत शिरलेल्या खड्याचा आकार क्षुल्लक असतो, पण प्रत्येक पावलागणिक तो बोचतो. यापेक्षा समर्पक नाव सापडणे कठीण.

या व्यथेचे एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६). ‘ख्रिस्तपुराण’ (१६१६) रचणारे फादर थॉमस स्टीफन्स हे ज्या संघाचे, तोच हा संघ. १५२२ मध्ये स्पेनमधील मान्रेसा येथे येण्यापूर्वी इग्नेशियसने आपल्या गतायुष्यातील सर्व पापांचे लेखी निवेदन केले होते. तरी काही राहून गेले असावे ही शंका त्यास सोडीना. अगदी स्पष्ट असेल तेवढेच पुन्हा सांगावे, असा आदेश त्याच्या धर्मगुरूने दिला. परंतु इग्नेशियसला सारेच स्पष्ट वाटत असल्याने त्या आदेशाचा उपयोग झाला नाही. खोलीतील विवरात स्वतःला झोकून द्यावे, अशी ऊर्मीही त्याला वारंवार होऊ लागली. त्याने आठवडाभर अन्नत्याग केला. अखेर जुन्या पापांचे निवेदन पुन्हा कधीही करावयाचे नाही असा निश्चय त्याने केला, आणि त्यानंतर ती पीडा ओसरली. शंकेचे समाधान झाल्यामुळे त्याची सुटका झाली नाही. समाधान शोधण्याचे कृत्य थांबविल्यामुळे झाली. हा बारकावा पुढील इतिहासाची किल्ली ठरतो.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये जॉन बन्यन (१६२८–१६८८) याने बेडफर्डच्या तुरुंगात लिहिलेल्या व १६६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मवृत्तात याच व्यथेचे तपशीलवार चित्र काढले आहे. देवळातील घंटा वाजविण्याचा नाद त्याने पाप समजून सोडला होता. पण पाहण्यास तो जाई. घंटा अंगावर पडेल या भीतीने तो तुळईखाली उभा राहू लागला. ती भिंतीवर आपटून उसळली तर, म्हणून दारात. आणि मनोराच कोसळला तर, म्हणून अखेर तेथून पळू लागला. सुरक्षिततेसाठी टाकलेले प्रत्येक पाऊल नव्या भीतीस जन्म देते, हे यावरून दिसते. पुढे ‘ख्रिस्ताला विकून टाक’ हा विचार रात्रंदिवस त्याच्या मनात घुमू लागला. त्यास नकार देताना त्याचे हात आणि कोपरे आपोआप कोणास तरी ढकलीत असत. नकार जितका जोराचा, तितका विचार अधिक बळावे.

बन्यनच्या दुसऱ्या ग्रंथाचे हरि केशवजी यांनी केलेले ‘यात्रिक क्रमण’ हे मराठी रूपांतर १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या मूळ ग्रंथात, मृत्युच्छायेच्या दरीतून जाणाऱ्या यात्रिकाच्या मागे येऊन एक दुष्टात्मा देवनिंदा कुजबुजतो, आणि ते शब्द आपल्याच मनातून आले असे तो यात्रिक समजतो. आलेल्या विचाराला केलेला विचार समजण्याची चूक इतक्या मोजक्या रेषांत क्वचितच कोणी रेखाटली असेल.

या अनुभवांतून निघणारा निष्कर्ष १६९२ मध्ये नॉर्विचचे बिशप जॉन मूर यांनी राणी मेरीसमोर दिलेल्या प्रवचनात स्पष्टपणे मांडला. उपासनेच्या वेळी देवनिंदेचे विचार ज्यांना छळतात त्या व्यक्ती बहुधा सज्जन असतात. अशा विचारांशी त्वेषाने झगडू नये, कारण विरोधाने ते फुगतात आणि उपेक्षेने विरून जातात, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय आहे. आजच्या उपचारपद्धतीचे सार त्यात जवळजवळ सर्व आले आहे. मराठी परंपरेत षड्रिपूंच्या कल्पनेत युद्धाचे रूपक आहे हे खरे. पण समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून रचलेल्या श्लोकांत त्याला सज्जन म्हणून हाक मारली आहे, याचे येथे स्मरण होते. ज्याला समजवावयाचे त्याला शत्रू म्हणून चालत नाही.

५

एकोणिसाव्या शतकात हा प्रश्न धर्मगुरूकडून वैद्याकडे गेला. फ्रान्समध्ये एस्किरोल याने १८३८ च्या आपल्या ग्रंथात अशा रुग्णांची वर्णने दिली. पुढे तेथे ‘संशयाचे वेड’ अशा अर्थाचे नाव रूढ झाले. जर्मन भाषेत १८६७ मध्ये क्राफ्ट-एबिंग याने ‘त्स्वांग्सफोरश्टेलुंग’, म्हणजे सक्तीने येणारी कल्पना, हा शब्द योजिला. आणि १८७७ मध्ये वेस्टफाल याने तिची व्याख्या केली. बुद्धी शाबूत असताना, इच्छेविरुद्ध, जी कल्पना मनात पुढे येते, हटविता येत नाही, आणि परकी म्हणून ओळखली जाते, ती ही कल्पना होय. ‘त्स्वांग’चे इंग्रजी भाषांतर ब्रिटनमध्ये ‘ऑब्सेशन’ आणि अमेरिकेत ‘कम्पल्शन’ असे झाले, व पुढे दोन्ही शब्द जोडून आजचे व्याधिनाम तयार झाले असे सांगण्यात येते. ‘ऑब्सेशन’च्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ वेढा घालणे असा आहे; धर्मशास्त्रात तो शब्द बाहेरून वेढणाऱ्या दुष्टात्म्यासंबंधी वापरला जाई. दुष्टात्मा गेला, पण वेढ्याचे रूपक राहिले. आज मात्र ‘ऑब्सेशन’ हा शब्द येणाऱ्या विचाराला आणि ‘कम्पल्शन’ हा त्यापोटी केल्या जाणाऱ्या कृत्याला लावला जातो. भाषांतराच्या अपघाताने निर्माण झालेल्या या जोडनावात ‘येणे’ आणि ‘करणे’ शेजारी शेजारी उभे राहिले आहेत.

वैद्यकाने रुग्णाला पापाच्या कलंकातून सोडविले, हे त्याचे मोठेच ऋण होय. उपाय मात्र दीर्घकाळ अपुरे राहिले. फ्रॉइडने १९०९ मध्ये एका रुग्णाचा प्रसिद्ध वृत्तांत लिहून प्रत्येक विचारामागील दडलेला अर्थ शोधण्याचा मार्ग दाखविला. परंतु संशयग्रस्त मनाला अर्थशोधन हे आणखी एक निमित्त ठरण्याचा धोका असतो. १९३५ मध्ये लिस्बन येथे मोनिझ याने सुरू केलेली मेंदूच्या अग्रभागावरील शस्त्रक्रिया अशा काही रुग्णांवरही पुढे करण्यात आली. तिला १९४९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आणि तिने अनेकांचे व्यक्तित्व कायमचे खुरटविले.

६

दिशा बदलली ती परस्परांपासून दूर असलेल्या तीन ठिकाणी. तोक्यो येथील वैद्य मोरिता शोमा (१८७४–१९३८) यांनी १९१९ च्या सुमारास आपली उपचारपद्धती सिद्ध केली. एखाद्या संवेदनेकडे लक्ष गेले की ती तीव्र होते, व तीव्र झाली की लक्ष अधिक वेधते, हे चक्र त्यांनी ओळखले होते. रुग्णाला प्रथम सुमारे आठवडाभर एकांतात अंथरुणावर ठेवून येणारी चिंता येऊ द्यावयाची, तिला न टाळता तिच्यासह राहावयाचे. नंतर हलके काम, मग कष्टाचे काम, आणि शेवटी नेहमीचे जीवन, असा त्यांचा क्रम होता. ‘आरुगामामा’, म्हणजे जे आहे ते आहे तसे, हे त्यांचे सूत्र. भीती जाईपर्यंत काम थांबवावयाचे नाही. भीतीसह काम करावयाचे.

ऑस्ट्रेलियातील डॉ. क्लेअर वीक्स यांनी १९६२ मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या पुस्तकात भीतीच्या झटक्याविषयी हेच सांगितले. सामोरे जा, स्वीकारा, तरंगत राहा, वेळ जाऊ द्या, असे त्यांचे चार टप्पे आहेत. पहिली भीती आपोआप येते; ‘अरे, हे काय झाले’ ही दुसरी भीती आपण तिच्यात घालतो, आणि झटका लांबतो तो या दुसरीमुळे. १९८६ मध्ये ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी शारीरिक संवेदनांचा अनर्थसूचक अर्थ लावण्यातून झटका कसा वाढतो, याची शास्त्रीय मांडणी केली.

तिसरे ठिकाण लंडन. तेथील मिडलसेक्स रुग्णालयात व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये दोन रुग्णांवरील उपचारांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. रुग्णाला भीतिदायक प्रसंगासमोर आणावयाचे, पण त्यानंतरचे धुणे, तपासणे, शुद्धीकरण यांपासून परिचारिकांच्या सतत देखरेखीखाली परावृत्त करावयाचे. कृत्य केले नाही तरी अनर्थ होत नाही, आणि भीती चढून आपोआप उतरते, हे रुग्ण अनुभवाने शिकतो. मान्रेसा येथे इग्नेशियसने एकट्याने घेतलेल्या निर्णयाचेच हे पद्धतशीर रूप म्हणता येईल. सेरोटोनिनवर कार्य करणारी औषधे आणि ही पद्धती हे आज या व्याधीवरील प्रमुख उपचार होत.

या बदलामागील तत्त्वाला दोन प्रयोगांनी पुष्टी दिली. १९७८ मध्ये रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी दाखविले की, निरोगी व्यक्तींपैकी बहुसंख्यांना तसेच अभद्र विचार येतात. आशयात फारसा फरक नसतो, फरक असतो तो वारंवारतेत आणि त्यांनी होणाऱ्या त्रासात. १९८७ मध्ये अमेरिकेत डॅनियल वेग्नर यांनी काही व्यक्तींना पाच मिनिटे पांढऱ्या अस्वलाचा विचार न करण्यास सांगितले. तो आल्यावाचून राहिला नाही. आणि ज्यांनी प्रथम तो दडपला होता, त्यांच्या मनात पुढे तो इतरांपेक्षा अधिक वेळा आला. मनाने मनाला दाबण्याचा जुना प्रयोग का फसतो, हे यावरून कळते.

७

या इतिहासाचे तात्पर्य एका वाक्यात सांगता येते. विचाराचे येणे थांबविण्याचा प्रत्येक उपाय शेवटी विचारास पोसणारा ठरला. आणि त्याच्यापोटी होणारे करणे थांबविण्याचा उपाय, जेथे जेथे सापडला तेथे तेथे, उपयोगी पडला. उपेक्षा म्हणजे दमन नव्हे, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे. दमन विचारावर पहारा ठेवते; उपेक्षा त्याला दारातून येऊ देते, पण पाट मांडून बसवीत नाही.

यात घरच्या माणसांचाही संबंध येतो. ‘कुलूप लागले आहे ना?’ या प्रश्नाला दिवसातून वीस वेळा ‘लागले आहे’ असे ममतेने उत्तर देणारी व्यक्ती नकळत त्या चक्राचाच एक आरा बनते. कारण आश्वासन मागणे हेही एक कृत्यच आहे. उलट, ‘विचार करू नकोस’ असे रागावणारी व्यक्ती रुग्णावर त्याने न केलेल्या गोष्टीचा आरोप करते. दोहोंऐवजी ‘तो विचार पुन्हा आला वाटते, येऊ दे, आपण निघू या’ एवढे म्हणणे अधिक उपकारक ठरते. व्याधी तीव्र असल्यास तज्ज्ञ वैद्याचे साहाय्य अगत्याचे आहेच. पण त्या साहाय्याची पूर्वतयारी या एका वाक्यापासून होऊ शकते.

आपल्या लेकराविषयी मनात आलेल्या भयंकर कल्पनेने हादरलेली माता ती कोणापाशी बोलत नाही. बोललो तर आपल्याला राक्षसी ठरवतील असे तिला वाटते. तिला सांगण्याजोगी गोष्ट मराठी भाषेने म्हणीच्या आणि व्याकरणाच्या रूपाने केव्हाच सांगून ठेवली आहे. वैरीही जे चिंतणार नाही ते मन चिंतते, याचे कारण ती वैरीण आहे हे नव्हे. तो विचार तिने केलेला नाही. तो तिला आलेला आहे.